आर्वो पॅर्ट यांच्या सन्मानार्थ समूहगायनाची मैफल : मराठवाड्यातील गायकवृंदांसाठी मार्गदर्शन

हयात संगीतकाराचा सन्मान म्हटला की शाल, श्रीफळ, मानपत्र आणि प्रमुख पाहुण्यांचे भाषण एवढी सामग्री आपल्याकडे आपोआप जमा होते. संगीतकार एस्टोनियात राहणारा, वयाची नव्वदी गाठलेला, आणि त्याच्या सन्मानार्थ गाणारा वृंद जालन्याचा, नांदेडचा किंवा छत्रपती संभाजीनगरचा असेल, तर यांतले काहीच कामाला येत नाही. त्याच्या मोजक्या रचना त्याने लिहिल्या तशा, स्वच्छ सुरात आणि त्यांना लागते तेवढ्या शांततेत गाणे, एवढाच सन्मान आपल्या हातात असतो, आणि तो करायचा तर चार महिने आधी कामाला लागावे लागते. पुढील मार्गदर्शन उपासनेत नियमितपणे गाणाऱ्या, पण चार आवाजांत गाण्याची फारशी सवय नसलेल्या वृंदांसाठी आहे.

आर्वो पॅर्ट यांचा जन्म ११ सप्टेंबर १९३५ रोजी एस्टोनियातील पायदे या गावी झाला. सोव्हिएत राजवटीत १९६८ साली त्यांच्या 'क्रेडो' या कृतीने ख्रिस्तावरील विश्वास उघडपणे उच्चारला आणि तिच्या प्रयोगांवर बंदी आली. त्यानंतरची काही वर्षे त्यांनी फारच थोडे लिहिले. ग्रेगोरियन गायन, म्हणजे मध्ययुगीन चर्चमधील एकसुरी लॅटिन गायन, आणि जुने बहुस्वरी चर्चसंगीत यांचा ते अभ्यास करत राहिले, आणि १९७२ मध्ये ते ऑर्थोडॉक्स या पूर्वेकडील ख्रिस्ती मंडळीत आले. १९७६ साली 'फ्युर अलिना' या पियानोवरील छोट्या कृतीपासून त्यांची 'टिंटिनाब्युली' (लॅटिन शब्द, अर्थ लहान घंटा) ही शैली सुरू झाली. १९८० मध्ये देश सोडून ते आधी व्हिएन्नाला आणि मग बर्लिनला राहिले, २०१० मध्ये मायदेशी परतले, आणि २०१८ पासून तालिनजवळील लाउलास्मा येथे त्यांच्या नावाचे केंद्र सुरू आहे. कार्यक्रमपत्रिकेत एवढा परिचय पुरेसा आहे. पुरस्कारांची यादी छापण्याचा मोह टाळावा, कारण ती वाचून कोणाला गाणे अधिक कळत नाही.

रचनांची निवड

निवड करताना पहिला प्रश्न आवाजांचा असतो आणि दुसरा शब्दांचा. मराठवाड्यातील बहुतेक मंडळ्यांत सोप्रानो (स्त्रियांचा उंच आवाज) भरपूर, आल्टो (स्त्रियांचा खालचा) बऱ्यापैकी, बास (पुरुषांचा खालचा) कामापुरते आणि टेनर (पुरुषांचा उंच) दोन किंवा तीन अशी स्थिती असते. त्यामुळे एकाच मंडळीने सगळा भार उचलण्यापेक्षा शहरातील दोन-तीन मंडळ्यांनी मिळून सोळा ते चोवीस गायकांचा वृंद उभा करणे श्रेयस्कर. मात्र उत्तर भारत मंडळी, मेथडिस्ट आणि कॅथलिक अशा वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांचे गायक एकत्र आले की शब्दांचा प्रश्न लगेच पुढे येतो. पॅर्ट यांची 'बोगोरोदित्से द्येवो' ही १९९० साली केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजसाठी लिहिलेली चर्च स्लाव्होनिक या स्लाव्ह ऑर्थोडॉक्स उपासनेच्या जुन्या भाषेतील आनंदी, अगदी छोटी रचना कोणालाही गावीशी वाटेल. पण तिच्यात मरियेला उद्देशून वंदन आहे आणि काही पाळकांना ते रुचणार नाही. हे शब्द बरेचसे लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील दूताच्या आणि अलिशिबेच्या अभिवादनावरून आलेले आहेत, हे आधीच समजावून सांगितले तर अनेकदा हरकत राहत नाही. तरीही राहिली, तर वाद न घालता ती रचना वगळावी. तालमी सुरू झाल्यावर हा विषय निघणे सर्वांत वाईट.

सर्वांना चालणाऱ्या रचना पुरेशा आहेत. 'दा पाचेम दोमिने' ही माझ्या मते अशा मैफलीचा कणा ठरावी. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर दोनच दिवसांनी पॅर्ट यांनी ती लिहायला घेतली. शब्द मात्र कित्येक शतके जुन्या लॅटिन प्रार्थनेचे, 'प्रभो, आमच्या दिवसांत शांती दे' अशा अर्थाचे आहेत. तिची गती संथ, स्वर थोडे आणि चारही आवाजांची कक्षा माफक आहे. 'द डीअर्स क्राय' ही २००७ ची रचना इंग्रजीत आहे. संत पॅट्रिक यांच्या नावाने चालत आलेल्या प्रार्थनेतील 'ख्रिस्त माझ्यासोबत, ख्रिस्त माझ्यापुढे' हे तिचे शब्द गायकांना पहिल्याच दिवशी समजतात. १९८९ चे 'मॅग्निफिकाट' हे मरियेचे स्तोत्र, म्हणजे लूक १:४६–५५, साधारण सात मिनिटांचे आणि या तिघांत सर्वांत अवघड. त्यात दोन-दोन आवाजांचे भाग आणि पूर्ण वृंदाचे भाग आलटून पालटून येतात, म्हणून चांगले वाचणारे पाच-सहा गायक असतील तरच ते हाती घ्यावे. ज्या मंडळीत चार आवाज जमतच नाहीत, तिने 'फाटर उन्झर', म्हणजे प्रभूची प्रार्थना, निवडावी. २००५ मधील ही जर्मन रचना मुळात एक मुलगा आणि पियानो यांच्यासाठी आहे.

गायकांना विसावा मिळावा म्हणून मध्ये एक वाद्यकृती ठेवावी. व्हायोलिन आणि पियानोसाठी १९७८ साली लिहिलेले 'श्पीगल इम श्पीगल' सर्वपरिचित आहे. व्हायोलिनवादक न मिळाल्यास 'फ्युर अलिना' कीबोर्डवर वाजवता येते, मात्र कीबोर्डला सस्टेन पेडल, म्हणजे सूर रेंगाळत ठेवणारे पायपट्टीचे बटण, असलेच पाहिजे. पेटीवर या कृती वाजवू नयेत.

मराठी काहीच नको का, असा प्रश्न समितीच्या बैठकीत येतोच. सुरुवातीला नारायण वामन टिळकांचे (१८६१–१९१९) एखादे गीत त्याच्या नेहमीच्या चालीत, नेहमीच्या साथीने गावे. इथल्या मंडळ्यांचा वारसा त्याने नीट पुढे येतो. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल वसवले तेव्हापासूनचा तो वारसा आहे आणि त्याला परक्या संगीतापुढे संकोचण्याचे कारण नाही. पण पॅर्ट यांच्या रचनेला पखवाजाची साथ देणे किंवा तिच्यात मराठी ओळ मिसळणे, असले प्रयोग या मैफलीत नकोत. त्याचप्रमाणे त्यांच्या रचना मराठी शब्द बसवूनही गाऊ नयेत. संगीतकाराच्या परवानगीवाचून शब्द बदलता येत नाहीत, ही त्याची कायदेशीर बाजू झाली. त्याहून महत्त्वाचे हे की त्यांच्या अनेक कृतींत मूळ शब्दांतील अक्षरावयवांच्या संख्येवरून आणि आघातावरून सुरावट ठरलेली असते. शब्द बदलले की त्या सुरावटीला आधारच उरत नाही. श्रोत्यांना अर्थ कळावा यासाठी मराठी भाषांतर पत्रिकेत छापावे.

प्रती आणि परवानगी

भारतीय कायद्यानुसार स्वामित्वहक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत राहतो, त्यामुळे हयात संगीतकाराच्या बाबतीत कृती सर्वांसाठी खुली असण्याचा प्रश्नच येत नाही. पॅर्ट यांच्या कृती व्हिएन्नाच्या युनिव्हर्सल एडिशन या संस्थेकडून प्रकाशित होतात. वृंदात जेवढे गायक तेवढ्या प्रती विकत घ्याव्यात. एक प्रत आणून कोपऱ्यावरच्या दुकानात तिच्या वीस झेरॉक्स काढणे ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे, आणि ज्याचा सन्मान करायचा त्याच्याच हक्काचा तो अव्हेर आहे. प्रयोगाच्या बाबतीत कायदा थोडा उदार आहे. हौशी मंडळाने विनाशुल्क श्रोत्यांपुढे किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ मधील अपवादात बसतो. मात्र इतर प्रकारे तिकीट लावायचे असेल, किंवा ध्वनिचित्रमुद्रण इंटरनेटवर टाकायचे असेल, तर प्रकाशकाला आधी लिहून परवाना घ्यावा. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून हे पत्र पहिल्या तालमीच्याही आधी गेलेले बरे.

तालमी

आपल्या बहुतेक गायकांना पाच रेघांचे स्वरलेखन वाचता येत नाही आणि तीन महिन्यांत ते सगळ्यांना शिकवूनही होत नाही. विकत घेतलेल्या प्रतीवरच स्वरांखाली पेन्सिलीने सरगम लिहून घ्यावी. पॅर्ट यांच्या बाबतीत सरगम विशेष उपयोगी पडते, कारण त्यांच्या शैलीचे मूळ तत्त्व तिच्यात फार स्वच्छ मांडता येते.

त्या तत्त्वात दोन आवाज असतात. एक सुरावटीचा, जो एका मध्यवर्ती स्वरापासून पायरी-पायरीने वर किंवा खाली जातो. दुसरा घंटेचा, जो मूळ त्रिस्वराबाहेर पाऊल टाकत नाही. म्हणजे मायनर पट्टीत सा, कोमल ग आणि प एवढेच तो गातो. पहिल्या तालमीत पुस्तक न उघडता हा खेळ खेळावा. आसावरी थाटाचे स्वर घेऊन अर्ध्या वृंदाने सा, रे, कोमल ग, म, प असे सावकाश चढावे आणि उरलेल्यांनी प्रत्येक वेळी त्या स्वराच्या वरचा, त्रिस्वरातील सर्वांत जवळचा स्वर धरावा. सा वर कोमल ग येईल, रे वरही कोमल गच राहील, कोमल ग वर प, म वर पुन्हा प, आणि प वर तार सा. मग बाजू बदलाव्यात, आणि त्यानंतर वरच्याऐवजी खालचा जवळचा स्वर घेऊन तेच करावे.

रे आणि कोमल ग एकत्र वाजतात तिथे कानाला खुपते. गायक लगेच एकमेकांकडे पाहतात आणि कोणीतरी आपला सूर सरकवून घेते. तसे होऊ देऊ नये. ते खुपणे रचनेचाच भाग आहे आणि पुढच्या स्वरावर ते सुटते. दोन्ही बाजूंनी आपापला स्वर ठामपणे धरला तरच ते सुटल्यासारखे वाटते. घंटेचा आवाज गाणाऱ्यांना आपले काम कंटाळवाणे वाटू लागते, तेव्हा तानपुऱ्याचे उदाहरण द्यावे. तोही राग मांडत नाही, पण तो बेसूर असेल तर मांडलेल्या रागाला अर्थ राहत नाही.

हे अंगवळणी पडल्यावरच रचनेला हात घालावा. आठवड्यातून दोन तालमी, त्यांतली एक रविवारच्या उपासनेनंतर, असे वेळापत्रक नोकरदार आणि विद्यार्थी दोघांनाही जमते. पहिला महिना प्रत्येक आवाजाने स्वतंत्र बसावे; सगळ्यांना एकत्र बसवून आल्टोला शिकवताना बाकीच्यांना गप्प ठेवणे कोणत्याही मार्गदर्शकाला आजवर साधलेले नाही. कीबोर्डचा आधार स्वर दाखवण्यापुरता घ्यावा आणि लवकरात लवकर सोडावा. साथीविना गाताना वृंदाचा सूर हळूहळू उतरतो. रचना संपल्यावर दर वेळी सुरुवातीचा षड्ज लावून पाहावा, आणि उतरला असेल तर नेमका कोठून उतरू लागला ते शोधावे. बहुधा खाली येणाऱ्या पायऱ्या मोठ्या पडलेल्या असतात, किंवा लांब धरलेल्या स्वराच्या शेवटी श्वास संपलेला असतो. लांब स्वरांवर शेजारच्या दोघांनी एकाच वेळी श्वास घ्यायचा नाही, हे जोड्या लावूनच ठरवावे.

आवाजाच्या लगावाबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. भजन आणि सुगम संगीतात वाढलेला गळा स्वरावर सरळ उभा राहत नाही. तो मींडेने येतो, जाताना एखादी मुरकी ठेवून जातो, आणि एरवी हेच त्याचे सौंदर्य असते. इथे मात्र स्वर थेट लागला पाहिजे आणि सुटेपर्यंत हलता कामा नये. 'ऊ' आणि बंद ओठांचा 'म' यांवर हळू आवाजात स्वर धरण्याचा सराव रोज दहा मिनिटे केल्यास फरक पडतो. सोप्रानोंना वरच्या स्वरांवर छातीचा आवाज रेटण्याची सवय असते. तो जोर काढून आवाज हलका करायला सर्वांत जास्त दिवस लागतात, म्हणून ती सुरुवात पहिल्या आठवड्यातच करावी.

उच्चारांत आपली बाजू वरचढ आहे. लॅटिनचे त आणि द दंत्य आहेत, मराठीसारखेच. शब्द देवनागरीत लिहून द्यावेत: 'दा पाचेम, दोमिने, इन दिएबुस नोस्त्रिस, क्विआ नोन एस्त आलिउस क्वी पुन्येत प्रो नोबिस, निसी तू देउस नोस्तेर.' 'पाचेम'मधला च 'चित्र'मधला आहे, 'चांदणे'मधला नव्हे, एवढे एकदा सांगून ठेवावे. इंग्रजी रचनेत मात्र शब्दाच्या शेवटचे ट, ड आणि स सगळ्यांचे एकाच क्षणी पडले पाहिजेत. चोवीस जणांचे चोवीस 'स' वेगवेगळे ऐकू आले तर केलेली सगळी मेहनत वाया जाते.

विरामांचीही तालीम असते. पॅर्ट यांच्या कृतींत शांतता मोजून लिहिलेली असते, आणि ती जागा रिकामी समजून पाने उलटणे, घसा साफ करणे, पुढच्या स्वरासाठी खांदे उचलणे हे सर्व प्रकार तिथेच घडतात. विराम चालू असताना सर्वांची नजर मार्गदर्शकाच्या हातावर असली पाहिजे.

तारीख आणि जागा

मैफल त्यांच्या वाढदिवशीच व्हावी हा आग्रह सोडावा. ११ सप्टेंबर हा दिवस बहुतेक वर्षी गणेशोत्सवात किंवा त्याच्या आगेमागे येतो, आणि पलीकडच्या चौकात ढोलताशांचा सराव चालू असताना 'दा पाचेम' गाता येत नाही. मार्चअखेरीपासून जूनपर्यंतचा काळ उन्हाळ्यामुळे बाद होतो. पंखे लावावे तर त्यांची घरघर सगळे गिळून टाकते आणि न लावावे तर मागच्या रांगेतील वृद्धांचे हाल होतात. नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारीअखेरीपर्यंतच्या संध्याकाळी सर्वांत योग्य. पंखे बंद ठेवता येतात आणि नाताळच्या तयारीसाठी वृंद एरवीही जमतच असतो. फक्त लग्नाच्या तिथी पाहून घ्याव्यात आणि जवळच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी काय आहे याची आधीच चौकशी करावी. दारे-खिडक्या बंद ठेवता येतात, हा थंडीचा आणखी एक फायदा.

जागा निवडताना नाट्यगृहापेक्षा दगडी भिंतींच्या आणि उंच छताच्या जुन्या चर्चला पसंती द्यावी. पडदे आणि गाद्यांच्या खुर्च्या असलेल्या सभागृहात आवाज जागच्या जागी मरतो, आणि मग कोणीतरी ध्वनिक्षेपक सुचवते. शक्य तोवर ध्वनिक्षेपक फक्त निवेदनापुरता ठेवावा. रंगीत तालीम त्याच जागेत, त्याच वेळी, दारे बंद करून घ्यावी. एकाने शेवटच्या रांगेत बसून शब्द कळतात का ते ऐकावे. आवाज जास्त घुमत असेल तर गती किंचित कमी करावी आणि जागा कोरडी असेल तर किंचित वाढवावी. वृंद अर्धवर्तुळात उभा करावा, थोड्या असलेल्या टेनरना कडेला न ठेवता मध्ये घ्यावे. वीज जाण्याची शक्यता धरूनच चालावे: जनरेटरचा आवाज सहन होण्यासारखा नसतो, म्हणून इन्व्हर्टरवर चालणारे दिवे आणि वाचनापुरते छोटे एलईडी तयार ठेवावेत.

प्रत्यक्ष संध्याकाळ

संगीत, वाचन आणि निवेदन मिळून एकूण कार्यक्रम पन्नास-साठ मिनिटांचा, मध्यंतराविना. स्वागत आणि पाहुण्यांचे दोन शब्द सुरुवातीलाच, पहिल्या स्वराआधी उरकावेत. मध्येच कोणाचाही सत्कार नको. टिळकांचे गीत, मग 'दा पाचेम', त्यानंतर मराठी शास्त्रवाचन, वाद्यकृती, 'द डीअर्स क्राय', जमत असल्यास 'मॅग्निफिकाट', आणि शेवटी 'दा पाचेम' पुन्हा एकदा, असा क्रम चांगला बसतो. एकच रचना दोनदा गाण्याला समितीतून विरोध होईल, पण दुसऱ्या वेळी श्रोते ती ओळखून ऐकतात. आणि पैठण-आपेगावच्या मुलुखात एकच चरण पुन्हा पुन्हा आळवला जाण्याचे श्रोत्यांना काही वावडे नाही. टाळ्या शेवटीच वाजवाव्यात, ही विनंती पत्रिकेत छापावी आणि निवेदकानेही एकदा सांगावी. निवेदन प्रत्येक रचनेआधी चार वाक्यांपेक्षा मोठे नसावे. मोबाइल बंद करण्याची विनंती दारावरच, बसण्याआधी करावी.

मंचाजवळ संगीतकाराचे छायाचित्र ठेवायचे असेल तर ठेवावे, परंतु त्याला हार घालू नये आणि त्यापुढे समई लावू नये. आपल्याकडे त्याचा अर्थ काय होतो हे सर्वांना ठाऊक आहे, तरीही सजावटीच्या घाईत उत्साही कार्यकर्ते हे हमखास करतात. पत्रिकेत प्रत्येक रचनेचे नाव, वर्ष, मूळ शब्द देवनागरीत आणि शेजारी मराठी अर्थ असावा.

कार्यक्रमानंतर पत्रिकेची एक प्रत, काय गायले आणि कोठे गायले याच्या चार ओळींसह, प्रकाशकाला आणि लाउलास्माच्या केंद्राला पाठवावी. विकत घेतलेल्या प्रतींवर क्रमांक टाकून त्या त्याच आठवड्यात परत गोळा कराव्यात, पेन्सिलीची सरगम पुसू नये, आणि सर्व प्रती चर्चच्या कपाटात नोंदवहीसह ठेवाव्यात, म्हणजे शेजारच्या तालुक्यातील एखाद्या मंडळीला हीच मैफल करायची झाल्यास सगळा संच तिला उसना देता येईल.